तीन फुटांचा समुद्र

३ मे, पिंगळी
परभणीतली भाड्याची खोली सुटली. आज स्वतःच्या घरात पहिला मुक्काम! सामानाआधी काचेची टाकी आणली. टेम्पोत मी स्वतः ती धरून बसलो. मीठ मोजून पाणी केलं. घनता १.०२५, तापमान सव्वीस. सव्वा तासात झोअँथिड उमलले. ही प्रवाळाची जात, बटणाएवढी जिवंत फुलं: केशरी, जांभळी, पोपटी. समुद्र इथून चारशे किलोमीटरच्या पुढं, आणि माझ्या बैठकीत तीन फूट समुद्र. कुठल्याही मास्तराशिवाय नऊ वर्षांत शिकलो. शेजारचे लिंबाजी म्हणाले, लय भारी हाय, पण ह्ये खायाचं का बघायचं? शिवकन्या म्हणाली, बायकोच्या आधी त्यायला जेवायला घालतेत, आता तुमीच समजा.

६ मे
टाकीतल्या मोठ्या दगडावर तपकिरी झोअँथिड माजलेत. मोजले: एकशे बारा. केशरी फक्त एकोणीस. अठराला वास्तुशांती, पाहुण्यांपुढे हे ध्यान ठेवणार नाही. हे दगड जिथून घेतले त्या मुंबईच्या दुकानदाराला फोन केला. तो म्हणाला, दगडच टाकून द्या, हातमोजे घाला, गरम पाण्यात तर अजिबात घालू नका, विषारी असतात. दगड विकून जगणारा माणूस दुसरं काय सांगणार! केशरी अलगद काढून दुसऱ्या दगडावर चिकटवले.

९ मे
दुपारी दगड उकळला. बाळंतिणीचे कपडे आपण उकळतो, दूध उकळतो. दगडानं काय घोडं मारलंय? मोठं पातेलं, बोअरचं पाणी, पस्तीस मिनिटं. बाहेर चव्वेचाळीस अंश, झळा येतात म्हणून खिडक्या बंद. शिवकन्या शेजारच्या शेगडीवर भाकरी भाजत होती. म्हणाली, आवो, दगडाचं कालवण करायलाव का? लय हसली. तपकिरी सगळे गळून पडले. बोअर आटत चाललंय, पाणी फेकवलं नाही. गाळून कूलरमध्ये ओतलं. आमच्याकडे वापरलेलं पाणी कूलरलाच जातं.

१० मे
माझं तोंड कडू. तांब्याचा पैसा चघळल्यासारखं. शिवकन्येला ताप, हुडहुडी, छातीत कळ. लिंबाजी म्हणाले, वहिनीला ऊन लागलंय, डोस्क्यावर कांदा ठिवा. कैरीचं पन्हं दिलं. उलटून पडलं. कूलर जोरात लावला.

११ मे
परभणीला दवाखान्यात भरती. डॉक्टरांनी दोनदा विचारलं, घरात काही फवारलं का, काही नवीन वापरलं का. मी नाही म्हणालो. फवारलं नव्हतंच.
दुकानदाराचं बोलणं आठवलं होतं. पण दगड उकळला म्हणून सांगायचं? तिथं चार नातेवाईक उभे होते.

१३ मे
उतार पडला. दोन दिवसांत ताप गेला, चहा प्याली. म्हणजे ऊनच. माझं बरोबर होतं. दुपारी घरी आणलं. गारवा लागावा म्हणून खाट कूलरच्या अगदी समोर टाकली. कूलरमध्ये दगडाचं पाणी निम्मं होतं, त्यातच बोअरचं भरलं. मी टाकीपाशी. केशरी सव्वीस झाले.

१४ मे, सकाळ
श्वास मिनिटाला अडतीस. ओठ निळसर. म्हणते, मांड्या कुणी पिळायलंय. दवाखान्यात बरी होती. घरी आणली आणि —
तिथं कूलर नव्हता.

सव्वानऊ
कूलर बंद केला. खिडक्या उघडल्या. पाणी अंगणात ओततानाही तुषार तोंडावर उडाले. लिंबाजी जीप आणायला गेलेत. त्यांना सांगायला तोंड उघडलं. जीभ लाकडाची. शब्द होईना. त्यांना वाटलं, मी रडतोय.
म्हणून लिहितो. ही वही डॉक्टरांना द्या.

साडेनऊ
श्वास अठ्ठावीस. कमी झाला, बरं — नाही. थकली म्हणून कमी. हात धरलाय. मला विचारते, मला काय झालंय, आवो, तुमाला तर सगळं कळतंय.
मान हलवली. कळतं.

बोटं वळेनात. श्वास चौदा.
डॉक्टर, फवारलं नव्हतं, पण मी खोटं बोललो. तिला ऊन लागलेलं नाही. नऊ तारखेला मी दग