लिंबाचा कोपरा

४ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं जमीन दाबायचं मशीन येऊन गेलं. तो लांब लोखंडी नळा वाळूत शिरून असा थरथरला, की शेजारणीच्या फडताळातल्या कपबश्या नाचल्या. ती तावातावाने आली, तिला चहा पाजून गार केलं. भुसभुशीत वाळू दबत दबत जमीन वीतभर खाली बसली. बाबा म्हणतात, घर व्हायच्या आधीच जमीन पळायला लागली! घर पाहावं बांधून म्हणतात ते उगाच नाही.

गवंडी पाया खणायला उतावीळ आहे. तुझी तपासणी लवकर उरक.

माया आहेच, ती अशीच राहू दे.
दादा

११ जानेवारी

ती. दादास, सा. न. वि. वि.

गवंड्याला थांबव. माझी माणसं सळई ठोकून जमीन तपासून आली. तीन कोपऱ्यांत ठोकणाऱ्यांना घाम फुटला, चौथ्यात सळई नुसत्या हाताने आत गेली. मशीनवाला म्हणतो, तिथे नको असं दादांनीच सांगितलं.

कारण कळलं. आई गेल्यावर, नकाशा व्हायच्या आधीच, बाबांनी तिचं लिंबाचं रोप तिथे लावलं. ते काढा म्हणायची तुझी छाती झाली नाही. माझीही झाली नसती. पण बाबांची खोली नेमकी तिथेच येतेय. तेवढाच कोपरा खचला तर त्यांच्या उशाची भिंत तडकेल, आणि मला ते सहन होणार नाही.

मशीन सोमवारी परत पाठवते. तोवर बाबांना तू सांग. गवंड्यावर ओरडतोस त्यातलं थोडं धैर्य घरी आण.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.
धाकटी

१६ जानेवारी

चि. धाकटीस, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आल्यापासून दादा रोज माझ्यापुढे येतो, घसा खाकरतो, हवापाण्याचं बोलतो आणि निघून जातो. मला भारी मजा वाटते आहे.

अगं, सगळी जमीन वीतभर खाली आणि माझं रोप तेवढं उंचवट्यावर. मला काय डोळे नाहीत? कालच ते मुळांसकट काढून डब्यात लावलं आणि सध्याच्या घराच्या गच्चीत टाकीमागे ठेवलं. दादाला सोमवारी सांगेन, तोवर खाकरू दे.

काढताना जिवावर आलं, खोटं कशाला बोलू. पण भाड्याच्या घरांत तुझ्या आईने ते डब्यातच जगवलं होतं, आपली जमीन होईल तेव्हा लावू म्हणत. त्याला थांबायची सवय आहे. खोली उभी राहिली, की खिडकीबाहेर लावू. तिथली वाळू मात्र तुझ्या मशीनने दाबायची नाही.

दोघं अशीच एकमेकांना धरून राहा.
बाबा