ढकलून चालू केलेली गाडी

तीर्थरूप मामांना,

दुरूनच वाकून नमस्कार. गुडघा कसा आहे? मामी सांगते तसा शेक घेता, की नुसतं हो-हो म्हणता?

पत्र लिहायचं मी महिनाभर टाळलं, हे कबूल. (पेन नव्हतं असं सांगणार होतो, पण पेन तुमचंच आहे. निघताना तुमच्या खिशातून माझ्या खिशात आलं.) तुम्ही शब्द टाकून चिकटवलेल्या वर्कशॉपातून मी न सांगता पळालो, मग लिहिणार कुठल्या तोंडाने?

तर फिरत फिरत या टोकाच्या स्टेशनावर पोचलो. पुढे रूळच नाहीत, म्हणून थांबलो. या मार्गावर विजेची तार नाही, त्यामुळे आजवर तुम्ही चालवायचात तशीच डिझेलची गाडी. आता बॅटरीवरची आली आहे. तार आहे ती फक्त इथे, फलाटापुरती. गाडी येते, टपावरचा हात वर करून तार धरते, दहा मिनिटं उभी राहते आणि पोट भरलं की हात खाली घेऊन चालू पडते. मामा, धूर नाही, धडधड नाही! ती निघते तेव्हा पत्र्यावरची चिमणीसुद्धा मान वळवत नाही. उतारावर ब्रेक लावला की चाकंच वीज करून बॅटरीत परत भरतात. म्हणजे चढताना दमलेल्या माणसाने उतरता उतरता जेवून घ्यावं, तसं! पहिल्या दिवशी माझं तोंड उघडं राहिलं, ते अजून नीटसं मिटलेलं नाही.

स्टेशनमास्तरांनी विचारलं, "रेल्वेतलं काही कळतं का?" मी म्हटलं, "पाळण्यात असल्यापासून मामांचं इंजिन ऐकतोय." त्यावर त्यांनी महिनाभराच्या बोलीवर फलाटावर ठेवून घेतलं, आणि तेच ऐकणं नडलं. इंजिन गप्प झालं की गेलं समजायचं, हे तुम्हीच शिकवलंत ना? ही गाडी गप्पच असते हे रोज बघत होतो, पण कानांची सवय जाते कुठे? परवा सुटायची वेळ झाली आणि गाडी चिडीचूप. मी ओरडलो, "बंद पडली! उतरा, ढकला!" तीस माणसं उतरली. एक वकीलबाई तर काळा कोट काढून सगळ्यांच्या पुढे. "एक, दोन, हय्या!" आणि मामा, ती हलली! आम्ही टाळ्या वाजवल्या. टाळ्या थांबेपर्यंत ती दारं मिटून वळणापलीकडे गेली होती. रिकामी. (ड्रायव्हरबाईंनी आरशात पाहिलं होतं, पण त्यांना वाटलं, लोक कौतुकाने निरोप देताहेत.)

स्टेशनमास्तर ओरडले नाहीत, त्याचीच जास्त भीती वाटते. मला ठेवायचं की घालवायचं, ते सोमवारी सांगणार आहेत.

तुमचा भाचा

ता. क. त्यांना तुमची चिठ्ठी हवी आहे, मी टिकून काम करीन अशी. खोटं लिहू नका. 'या पोराला पहिल्यांदाच कुठेतरी राहावंसं वाटतंय' एवढंच लिहा. या गाडीला तुम्ही खेळणं म्हणता आणि 'मेलो तरी बसणार नाही' म्हणाला होतात, ते मी इथे कुणाला सांगितलेलं नाही.

ता. ता. क. आत्ता दुपारची गाडी आली (दिसली म्हणून कळलं) आणि पहिल्या डब्यातून गुडघा धरून चक्क तुम्ही उतरलात! (मास्तरांनीच कळवलेलं दिसतंय.) मला शोधायचं सोडून डब्याला कान लावून, डोळे मिटून उभे आहात. आता हे पत्र हातातच देतो. गाडीने हात खाली घेतला, सुटायची वेळ झाली, आणि तुम्ही बाह्या का सरसावताय? मामा, ढकलू नका! ती आपली आपण निघते.