दहा मिनिटं पुढे

दि. ६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. गुडघा दुखतो हे सहाव्यांदा वाचलं. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम केलेस, असं एकदाही वाचलं नाही. पुढच्या पत्रात आधी ते लिहावं.

काम असं. आपल्या गावच्या शाळेला पंचाहत्तर वर्षं झाली. समारंभात मी ‘वेळेची शिस्त’ या विषयावर बोलावं, असं पत्र आलंय. निवृत्त मुख्याध्यापिकेला दुसरा विषय कोण देणार? भाषण तयार आहे, सात पानं. पण व्हरांड्यातलं लंबकाचं घड्याळ तुझ्या दुकानात दुरुस्तीला दिलंय आणि आदल्या दिवशी ते जागेवर लागेल, असंही त्यांनी लिहिलंय. त्या घड्याळाखाली उभं राहून मला ही पानं वाचता येणार नाहीत. का, ते बावन्न वर्षांनी सांगते.

ते घड्याळ मी पुढे करत असे. मधल्या सुट्टीत पाण्याच्या पिंपावर चढायचं, काच उघडायची, मोठा काटा बोटानं दहा मिनिटं ढकलायचा, उतरायचं आणि बाहीला लागलेला भिंतीचा चुना झटकायचा. बंधाऱ्यावर ऊन असेपर्यंत पोहायला तेवढाच वेळ जास्त. गुरुजींचं खिशातलं घड्याळ सकाळी एकदाच बाहेर यायचं. भिंतीवरचं रोज पुढे गेलेलं दिसे; ते म्हातारं झालंय म्हणत गुरुजी ते मागे करत.

मग एक दिवस शाळा तपासनीस पावणेपाचला आले, आणि पाचला सुटणाऱ्या शाळेला कुलूप. दुसऱ्या दिवशी गुरुजींना घड्याळाजवळचा चुना खरवडलेला दिसला, म्हणून त्यांनी सगळ्यांच्या बाह्या तपासल्या. चुना निघाला तुझ्या बाहीला. तू भिंतीला टेकून बसायचास, त्यानं लागला असणार. महिनाभर शाळा सुटल्यावर तासभर घड्याळाची साफसफाई, ही तुला शिक्षा. मी रोज पोहायला गेले. तू तक्रार केली नाहीस, आणि मी तोंड उघडलं नाही. दहाची वीस मिनिटं कशी झाली, ते मला कधीच कळलं नाही. घड्याळ खरंच म्हातारं असेल, अशी मनाची समजूत घातली.

आता पोरांपुढे हे सगळं सांगावं, की न जाण्याचं काही निमित्त काढावं? सांगितलं तर तीस वर्षं कमावलेला दरारा एका दुपारी जाईल. त्याचं फारसं काही नाही. पण आधी तुझी माफी मागते. राग आला असेल तर स्पष्ट लिही, गुळमुळीत नको.

राग आला तरी लोभात काटछाट करू नये.

तुझी,
ताई

दि. ११ जानेवारी

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

व्यायाम केले. पत्र लिहायला बसण्याआधी, तुझ्याच धाकानं.

तुझं पत्र वाचून दुकानात एकटाच इतका हसलो की काय झालं ते बघायला सौ. आतून धावत आली. ताई, उरलेली दहा मिनिटं माझी. तीन वाजताच्या छोट्या सुट्टीत मी त्याच पिंपावर चढत होतो. काटा आधीच कुणी ढकललाय, हे मला काय माहीत? माझ्या बाहीचा चुना अगदी कष्टाचा होता.

आणि बावन्न वर्षं मी काय समजत होतो, ऐक. बाह्या तपासताना तू माझ्याकडे बघून चटकन मान खाली घातलीस. मला वाटलं, ताईला सगळं माहीत होतं, तरी तिनं सांगितलं नाही. शेजारच्या मावशींचं बुजगावणं मी त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे तोंड करून उभं केलं, तेव्हा पाच मिनिटांत आईकडे चुगली करणारी तू! त्या एका गप्प बसण्यापायी तुझी पुढची सगळी बोलणी मी निमूट खाल्ली.

हिशेब सोपा आहे. माझी दहाच मिनिटं असती, तर पावणेपाचला तपासनीसांना आम्ही पाढे म्हणताना सापडलो असतो. तुझ्या दहांनी मला पकडून दिलं. पण पुसापुशी दोनच दिवस टिकली. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी हातात स्क्रूड्रायव्हर दिला, आणि महिनाअखेर सगळी चाकं वर्तमानपत्रावर काढून मी एकट्यानं परत बसवली. हे दुकान त्यातून उभं राहिलं. म्हणजे माझ्या धंद्याला तू लावलंस, आणि वर माफी मागतेस.

घड्याळ समोरच टेबलावर आहे. तेल वाळलं होतं, लंबकाची पट्टी वाकली होती. आता सेकंदाला बरोबर चालतंय. गुडघ्यामुळे मला येणं जमायचं नाही. तू जा आणि सगळं सांग. माझा वाटाही सांग.

लोभ आहे तेवढा पुरे, बोलणी थोडी कमी करावीत.

तुझा,
धाकटा

दि. २० जानेवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद.

समारंभ पार पडला. तुझा वाटा आणि माझा वाटा, दोन्ही उभ्या उभ्या सांगितले. शिक्षक एकमेकांकडे बघू लागले, हसावं की नाही ते त्यांना ठरवता येईना. पोरांना असली अडचण नव्हती. त्यांना गप्प करायला मुख्याध्यापकांना घंटा वाजवावी लागली. माझा दरारा जाईल म्हणून मी उगाच घाबरत होते. कार्यक्रमानंतर सह्या घ्यायला रांग होती.

मग पानं वाचायला घेतली. चौथ्या पानावर नजर वर गेली. माझ्या मनगटावर साडेचार, भिंतीवर चार चाळीस. पहिला संशय तुझ्यावर. पत्रात काय काय लिहायचं तेही मनात तयार झालं. पण तू सेकंदाला बरोबर म्हणालास, आणि घड्याळाच्या बाबतीत तू खोटं बोलत नाहीस.

पुढच्या रांगेत दोन वेण्यांची एक मुलगी होती, अकरा-बारा वर्षांची. सगळे माझ्याकडे बघत होते, ती घड्याळाकडे. उजव्या बाहीला कोपरापर्यंत पांढरं. आमची नजरानजर झाली आणि तिनं हात पाठीमागे नेला.

मी उरलेली तीन पानं घडी करून पर्समध्ये ठेवली. सभा बरोबर पाचला संपली, भिंतीवरच्या पाचला. बाहेर पडताना तिच्याजवळ थांबून हळूच एवढंच सांगितलं, की खाली उतरल्यावर चुना झटकावा.

महिन्याभरात ते घड्याळ पुढे धावतं म्हणून तुझ्याकडे परत येईल. पुसून, तेल घालून, काही बिघडलेलं नाही असं सांगून पाठवून दे.

व्यायाम चालू ठेव. लोभ माझ्याकडूनही वाढलाच आहे, बोलणी मात्र तेवढीच राहतील.

तुझी,
ताई