कॉम्प्युटरमधलं धुकं

३ फेब्रुवारी, सकाळी १०
अकोला सोडून मध्य प्रदेशातल्या बालाघाटले आलो ते दुसऱ्याचे फ्लेक्स चिकटवाले नाही. आज चान्स आला. पुष्पलताबाईच्या नव्या चायनीज हॉटेलात भिंतीवर जुन्या चिनी चित्रासारखे डोंगर पाहिजेत. ब्रशवाले धम्मपालकाका म्हणे, आठ दिवस लागतील. मी म्हटलं, कॉम्प्युटरवर तीन. आमच्या प्रिंटिंगच्या दुकानाचे बाबूलाल सेठ म्हणाले, पास झालं तर डिझायनरची खुर्ची तेरी, नहीं तो फ्लेक्स चिपका.
संकल्प : आजपासून त्याले काका म्हणायचं नाही. नुसता धम्मपाल.

४ फेब्रुवारी
शाईचा ब्रश इफेक्ट डाउनलोड केला. एक डोंगर बनवला. चौदा वेळा कॉपी-पेस्ट. धम्मपाल मागून म्हणे, पोरा, सगळ्याइची मुंडी एकसारखी काहून? म्हटलं, चीनमध्ये तसेच असतात. म्हणे, तू गेलता का?
जळते माझ्यावर.
वरून सल्ला, मधात कोरं सोड, धुकं दिसते. कोरं कोण ठेवते? कामचोर.

६ फेब्रुवारी, दुपारी
प्रिंट निघतानाच मशीनची काळी शाई संपली. शाई पाहणं माझंच काम, पण आर्टिस्टनं काय काय पाहावं? डोंगर वरून काळे, खाली पांढरे फट्ट. सेठ तोंड उघडणार तेवढ्यात पुष्पलताबाई आल्या. म्हणाल्या, अरे वा, बैहरच्या घाटात सकाळी असतं ना, बिल्कुल वैसा धुकं!
मी सांगितलं, मुद्दाम ठेवलं. धम्मपाल नुसता हसला. खुर्चीवर बसलो की पहिले त्याचं हसणं बंद.

७ फेब्रुवारी
बाईले समोरच्या भिंतीवर तसंच दुसरं पाहिजे. सेठ म्हणाले, वो भी जमा, फिर कुर्सी पक्की. सोपं आहे.

९ फेब्रुवारी
सोपं नाही. कॉम्प्युटरमधलं धुकं सांडलेल्या चुन्यासारखं दिसते. अकरा प्रिंटा फेल. मुद्दाम शाई संपू देली, तर भलतीच संपली. डोंगर गुलाबी. सेठ म्हणे, ये चीन है के गुलकंद?
चूक मशीनची. बालाघाटच्या हवेची. धम्मपालच्या नजरेची.

१० फेब्रुवारी, संध्याकाळी
सेठनं धम्मपालले हॉटेलात पाठवलं. मले शिडी धराले. त्यानं भिंतीवर ओलं फडकं मारलं, काळ्या रंगात पाणी ओतलं, हात फिरवला. अर्ध्या तासात एक डोंगर धुक्यातून वर आला. आठ दिवस म्हणत होता, लबाड!
पुष्पलताबाई म्हणाल्या, पहलेवाला भी उतार दो, दोन्हीकडे असंच काढा.
माझी प्रिंट उतरवली अन् खाली अंथरली. फरशीवर रंग सांडू नये म्हणून.
बादलीतलं पाणी काळं झालतं. तोंडातून निघूनच गेलं, काका, पाणी बदलू का?