मुंग्यांच्या निबंधावरचं नाव

धुळे,
३ जुलै १९८८

ती. स्व. नानांस,
शालिग्रामचा सा. न. वि. वि.

तुमचं आणि काकूंचं क्षेम वाचून बरं वाटलं. इकडची बातमी अशी की आमचा निबंध एका मोठ्या इंग्रजी नियतकालिकाने स्वीकारला. वर दोन नावं आहेत, माझ्या मार्गदर्शक सरांचं आणि माझं. एम.एस्सी.ला माझ्या वर्गात असलेली कस्तुरा शेवटच्या ओळीत आहे, 'मदतीबद्दल आभार' म्हणून.

नाना, काम सगळं तिचं आहे. शिरपूरपलीकडे तिच्या पाड्याजवळ सात वारुळांपाशी बसून दोन वर्षं ती मोजत होती, मुंग्यांनी गवताचं कोणतं बी आत नेलं, कोणतं बाहेर टाकलं. मी फक्त तक्ते टाइप केले. सर म्हणाले, तुझे नानाकाका कॉलेजच्या संस्थेच्या संचालक मंडळावर आहेत, त्यांना आनंद होईल. मी हसून मान डोलावली. तेव्हापासून प्रयोगशाळेत तिच्या समोरचं स्टूल टाळतो.

लोभ आहेच, तो हे वाचूनही राहावा.

आपला,
शालिग्राम


सावदा,
११ जुलै १९८८

चि. शालिग्राम यास अनेक आशीर्वाद.

सरांचं अभिनंदनाचं पत्र तुझ्या आधी आलं आणि मी पेढे वाटून मोकळा झालो! काकू विचारते, मुंग्या बघत बसायलाही कॉलेज लागतं का.

उगाच जिवाला लावून घेऊ नकोस. केळीचा घड कापतो आपला गडी भिकन, खांद्यावर वाहतो भिकन, पण रेल्वेच्या वॅगनवर नाव आपलं लागतं. जगाची रीत आहे. आणि मी तुझ्यासाठी सरांकडे एक शब्द टाकलेला नाही, अगदी देवाशप्पथ. त्या पोरीला पुढच्या वेळी मिळेल.

जेवणाची हयगय करू नकोस. आमचा अर्धा जीव धुळ्यात असतो.

तुझा,
नाना


धुळे,
८ ऑगस्ट १९८८

ती. स्व. नानांस,
सा. न. वि. वि.

तुम्ही शब्द टाकला नाहीत हे मला ठाऊक आहे. टाकायची गरजच पडली नाही, तेच टोचतं.

काल कस्तुराबरोबर तिच्या गावी गेलो. बस सोडून दोन कोस चाल. टेकडीवर चढलो. उघड्या मुरमाड उतारावर हिरवी कडी उमटली होती, एकेक खळ्याएवढं. मधे तांबडं वारूळ, भोवती दाट गवत, त्यापलीकडे पुन्हा मुरूम. खालपर्यंत कडीच कडी. मुंग्या बी आत नेतात, नको ते दाराबाहेर टाकतात, आणि पाऊस झाला की तेच सगळ्यांत आधी उगवतं. तिची आई धनीबाई प्रत्येक कड्याला वळसा घालून चालत होती. हाई बठ्ठं मुंगीसनं शे, म्हणाली, सगळं त्यांचंच, शेजाऱ्याचं शेत दाखवावं तसा हात फिरवून. मग कस्तुराने अकरा वह्या पुढे ठेवल्या. पावसाने शाई फुटलेलं पानसुद्धा तिने पुन्हा लिहून काढलं होतं.

आज सरांना म्हणालो, माझं नाव काढा. ते म्हणाले, आधी काकांना विचार. म्हणून विचारतो. पण त्याआधी एकदा येऊन बघा.

तुमच्या मायेवर भरवसा ठेवून,
शालिग्राम


सावदा,
४ सप्टेंबर १९८८

चि. शालिग्राम यास आशीर्वाद.

तुझ्याबरोबर ती टेकडी बघून आलो, पण तेव्हा सांगायचं राहिलं ते लिहितो.

चाळीस वर्षं शेती केली, पेरायला माणसाचा हात लागतो हे धरूनच चाललो होतो. त्या टेकडीवर मी वहाणा काढल्या त्या कोणी सांगितलं म्हणून नाही. गवत गुडघ्याला लागत होतं आणि माझ्या अंगठ्याजवळून मुंग्यांची रांग दाणे घेऊन चालली होती, माझी पर्वा न करता. मी अर्धा तास उकिडवा बसलो तर पाय सुन्न झाले. ती पोर तिथे दोन वर्षं बसली.

दुसऱ्या दिवशी तू तासाला गेलास तेव्हा मी सरांकडे गेलो. कस्तुराकडून मागून घेतलेल्या वह्या टेबलावर ठेवल्या. तुझं नाव काढा आणि तिचं पहिलं घाला, म्हटलं. सरांनी एक प्रश्न विचारला नाही, एक वही उघडली नाही. कागद ओढला आणि लिहून टाकलं: पहिली कस्तुरा, मग ते स्वतः. मला आनंद व्हायला हवा होता.

ती बाहेर व्हरांड्यात उभी होती. मी सांगितलं. इथून पुढे वह्या बघितल्याशिवाय नावं ठरवायची नाहीत असा ठराव मांडतो, हेही सांगितलं. तिने वाकून नमस्कार केला. मग अगदी शांतपणे विचारलं, की नाना, तुम्ही आला नसता तर?

बाळा, मंडळाच्या बैठकीत मी कधी शब्दाला अडलेलो नाही. तिच्यापुढे बस सुटायची वेळ होईपर्यंत उभा होतो.

काकूचे आशीर्वाद. असाच लिहीत राहा.

तुझा,
नाना