करंजाचा खड्डा

आई, आपल्या रस्त्यावर आता बस येत नाही. राजवाड्याकडून निघालेली टाऊन बस आपल्या ओट्याला, तिण्णैला घासून जायची आणि तू हॉर्नच्या वर आवाज चढवून बोलायचीस, ती बस आता मागच्या रस्त्यानं जाते. सगळी वीथी खणून ठेवलीय. खाली दुकानं, वर दोन-तीन मजले राहायला, मध्ये रुंद पायवाट, दोन्ही बाजूंना झाडं, आणि घराघरापुढच्या तिण्णै एकमेकींना जोडून लांबच लांब बसायची जागा, असं ठरलंय. आपला ओटाही त्यात गेला. गेला म्हणजे आहे तिथंच आहे, पण आता त्यावर कुणीही बसणार. तुझ्या वेळीही कुणीही बसायचंच म्हणा. हे सगळं आखणारी कोण, तर समोरच्या नर्सबाईंची मुलगी. शाळेतून आल्यावर आई ड्यूटीवरून येईपर्यंत तुझ्यापाशी बसायची ती, तुला मामी म्हणायची. आता मोठी आर्किटेक्ट झालीय, गावभर तिचं कौतुक चाललंय, आणि मला ती डोळ्यांसमोर नको होते. सरळच सांगतो, मी जळतो तिच्यावर.

आधी असं नव्हतं. शाळेच्या हॉलमध्ये सगळ्या घरमालकांना बोलावलं होतं, तिथं हे सुरू झालं. ती पुढं उभी राहून पडद्यावर चित्रं दाखवत तमिळमध्ये समजावत होती. मी धाकट्या बहिणीच्या शेजारी बसलेलो. सवयीनं मराठीत म्हटलं, "हिला शिंगं फुटलीत. कागदावर हिरवा रंग फासायला काय जातंय हिचं?" तुला ठाऊकच आहे, मी आयुष्यभर मराठी वापरली ती दुसऱ्याला कळू नये म्हणून. भाजीवाल्यासमोर, साडीच्या दुकानात, लग्नाच्या पंगतीत. धाकटी तोंडाला पदर लावून हसली. आणि ती मुलगी बोलता बोलता थांबली, माझ्याकडं बघून शुद्ध आपल्या घरच्या मराठीत म्हणाली, "रंग फासण्यास काही जात नाही, अण्णा. पाणी घालण्यास जातं. ते कोण घालणार, एवढं सांगा. बरं तर." आणि पुन्हा तमिळमध्ये सुरू. हॉलमध्ये कुणाला काही कळलं नाही, पण माझे कान तापले. लाज वाटली म्हणून नव्हे. ते "बरं तर" तुझं होतं. तसंच मान जराशी वळवून, विषय मिटल्यासारखं. माझ्या मुलांना ते येत नाही. मलाही येत नाही.

तू मराठीत विचारायचीस आणि मी तमिळमध्ये उत्तर द्यायचो. आठवतं? मी चेन्नईहून आलोय, तू स्वयंपाकघरात पिठल्याला फोडणी देतेयस, पाठमोरीच विचारतेस, "ऑफिसात बरं चाललंय ना रे?" मी तमिळमध्ये दोन शब्द टाकतो आणि पेपर उघडतो. तू पळी आपटून म्हणतेस, "आपल्या भाषेत बोलायला मूग गिळतोस काय?" मी हसतो. मला वाटायचं, ही गंमत आहे आपली. दुपारी घर रिकामं झाल्यावर तू त्या पोरीला घेऊन ओट्यावर बसायचीस आणि तिच्याशी जन्माचं बोलून घ्यायचीस, हे मला कुणी सांगितलंच नाही. परवा तिच्या ऑफिसात गेलो तर टेबलावर पेनं कशात ठेवलेली? तुझ्या पितळी टंबलरमध्ये. काठाला पोचा आलेला, तोच. तू गेल्यावर तो मी घरभर शोधला होता. मोलकरणीवर संशय घेतला, बायकोशी भांडलो. "मामींनी दिला," ती म्हणाली, "मी दहावी पास झाले तेव्हा." मला दहावीला तू काय दिलं होतंस ते आठवून बघितलं. घड्याळ दिलं होतंस. मी ते हरवलं.

त्याच दिवशी तिनं आपल्या दारापुढचा नकाशा उघडला. दाराच्या डाव्या खांबापासून थोडं अलीकडं एक हिरवा ठिपका होता. म्हणाली, "इथं पुंगै. मामींस फार हवा होता." पुंगै म्हणजे आपला करंज. मला तर हे नवीनच. तू झाड मागितल्याचं मला आठवत नाही. मला आठवते ती माझी गाडी, जी मी आल्यावर नेमकी तिथंच लावायचो. ती सांगत होती, "मामींस दुपारचं ऊन सोसत नव्हतं. म्हणायच्या, सावली हवी, पण कोपरा झाकला जाता नये." कुठला कोपरा, मी विचारलं नाही. माझ्या आईला काय हवं होतं हे समोरच्या घरातली बाई मला नकाशावर बोट ठेवून सांगतेय, एवढंच डोक्यात गेलं. मी म्हटलं, "चुकतंय तुमचं. आईनं मला सांगितलं होतं. झाड पलीकडं हवं, उजव्या टोकाला." धडधडीत थाप. तिनं माझ्याकडं क्षणभर बघितलं. मग ठिपका खोडला आणि उजवीकडं काढला. "तुम्ही मुलगा आहात," म्हणाली, "तुम्हांसच ठावं." तिनं वाद घातला असता तर बरं झालं असतं. जिंकून घरी आलो आणि जेवण गेलं नाही.

काल दुपारी माणसं येऊन उजव्या टोकाला खड्डा खणून गेली. मी ओट्यावर बसलो. मुद्दाम तुझ्या जागी, डाव्या खांबाला टेकून. ऊन थेट डोळ्यांत येत होतं. ओटा एवढा लांब, उजवीकडं चांगली सावली होती, मग तू रोज इथंच का बसायचीस? पदर कपाळावर ओढून, डोळे बारीक करून. मी आलो की तू नेहमी तशीच दिसायचीस, आणि मी कधी विचारलं नाही की सरकून का बसत नाहीस. काल खांबाला टेकल्यावर समोर रस्त्याचा कोपरा दिसला. उजवीकडून तो कोपरा दिसत नाही, मध्ये शेजारचा जिना येतो. फक्त इथूनच दिसतो. स्टेशनकडून येणारी ऑटो तिथंच वळते. मी कधी कळवून आलो नाही, आई. आणि तू मला नेहमी दारातच भेटायचीस. मला वाटायचं, योगायोग.

आज सकाळी मेस्त्री रोपं घेऊन आला, तेव्हा मी बाहेर जाऊन म्हटलं, हा खड्डा बुजवा, झाड डाव्या खांबापाशी लावा, थोडं अलीकडं. तो वैतागला. मॅडमना विचारलं का, म्हणाला. "आमच्या आईनं सांगितलंय," मी म्हटलं. त्यानं दाराकडं बघून आवाज खाली केला, "अम्मा आत आहेत?" मी आहेत म्हटलं. फोटो आतच तर आहे. मग त्यानं मुकाट्यानं फावडं उचललं. करंज लावून झाला तेव्हा मी खांबाला टेकून बघितलं, कोपरा दिसतो. पाणी मी घातलं, आणि रोज मीच घालणार, तिला हात लावू देणार नाही. ती येऊन बघेलच. काही बोलणार नाही, तुझ्या हाताखालची आहे.

देवनागरी मी निवृत्तीनंतर धाकटीकडून शिकलो, म्हणून अक्षरं ही अशी वाकडी. तू त्या मुलीला अक्षरंही गिरवायला लावली होतीस म्हणे. म्हणजे हे तिच्या हाती लागलं तर ती घडाघडा वाचेल, त्यामुळं कपाटात कुलपातच ठेवतो. झाड तुझ्या जागी लागलं, आई. पण ती जागा तू मला सांगितली होतीस, असंच मी सगळ्यांना सांगणार आहे. एवढं तरी मला असू दे.