झाकणावरचं एक्याण्णव

प्रिय खटपटे,

पत्र पाहून दचकू नकोस. घरी सगळं ठीक आहे. तुझी आई माझ्यावर रोजच्यासारखी चिडते आहे, म्हणजे तिची तब्येत उत्तम. फोनच केला असता, पण फोनवर मी तासभर इकडचं तिकडचं बोलतो आणि मुद्द्याचं राहून जातं. मुद्दा असा की, शर्यतीच्या गाड्यांच्या ज्या वर्कशॉपमध्ये तू अर्ज केला आहेस, तिथल्या मॅनेजरांचा मला सोमवारी फोन आला. तुझं काम त्यांना पसंत आहे. फक्त चार वर्षांपूर्वी दाताच्या डॉक्टरांच्या लाल गाडीचं इंजिन कसं गेलं, तेवढं त्यांना तुझ्या जुन्या मालकाच्या, म्हणजे माझ्या तोंडून ऐकायचं होतं. तुझी नेमणूक तिथे अडली आहे. मी गुरुवारपर्यंत वेळ मागून घेतला.

आता आधी दुसऱ्या एका गाडीचं सांगतो. पंधरा दिवसांपूर्वी एक आर्किटेक्ट बाई परदेशातून आणलेली गाडी घेऊन आल्या. त्या लाल गाडीची सख्खी बहीणच. तेच इंजिन, तोच टर्बो, रंग तेवढा राखाडी. टाकीच्या झाकणाच्या आतल्या बाजूला तसाच गोल स्टिकर आणि त्यावर ठळक एक्याण्णव. बाईंनी विचारलं, पेट्रोल कुठलं भरू? मी हातातलं काम न सोडता सांगितलं, एक्याण्णव, कंपनीने लिहूनच दिलंय. पण बाई प्रत्येक कागद शेवटपर्यंत वाचणाऱ्यांतल्या. त्यांनी वाकून आकड्याखालची बारीक अक्षरं वाचली आणि म्हणाल्या, इथे दोन अक्षरांची बेरीज करून तिला दोनने भागलंय, ते कशासाठी? छापखान्याचा काहीतरी कारभार असेल, म्हटलं मी. तुझा बाप असाच. चाळीस वर्षांत गिऱ्हाइकासमोर मला माहीत नाही हे तीन शब्द मी उच्चारलेले नाहीत.

एक्याण्णव भरून मी स्वतः ती गाडी पाण्याच्या टाकीच्या चढावर नेली. अर्ध्या चढावर पाय दाबला आणि ऐकलं. पत्र्याच्या डब्यात खडे हलवावेत तशी कडकड. माझे गुडघे गेले, डोळे चाललेत, पण कान अजून शाबूत आहेत, त्या बाबतीत मला कुणी शिकवू नये. पाय उचलला, सावकाश खाली आलो, चष्मा शोधला आणि गाडीचं पुस्तक उघडून बसलो. तुझ्या आईने दोनदा जेवायला बोलावलं, तिसऱ्यांदा ताटावर ताट झाकून निघून गेली.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलची ताकद नव्हे, हे तुला मीच शिकवलं. कितीही दाबलं तरी ठिणगी पडेपर्यंत आपणहून पेटायचं नाही, हा दम पेट्रोलमध्ये किती आहे, त्याचा तो आकडा. दम कमी पडला की ते ठिणगीआधीच पेटतं आणि तीच कडकड ऐकू येते. पण तो काढायच्या रीती दोन आहेत, हे मला कुठे ठाऊक होतं? आपल्या पंपावर सौम्य चाचणीचा आकडा लिहितात. ही गाडी जिथून येते तिथे सौम्य आणि कडक अशा दोन चाचण्यांची सरासरी काढतात, बाईंनी वाचलेली बेरीज आणि भागाकार तो हाच, त्यामुळे तेच पेट्रोल असून आकडा चार-पाचने कमी दिसतो. त्यांचं एक्याण्णव म्हणजे आपलं पंच्याण्णव-शहाण्णव. मग आपल्या पंपावरच्या एक्याण्णव, पंच्याण्णव, अठ्ठ्याण्णव अशा तीन नळ्यांपैकी ह्या गाडीला अठ्ठ्याण्णवचीच लावायची, त्यात काटकसर नको. मी टाकी रिकामी केली, अठ्ठ्याण्णव भरलं, तोच चढ, तोच गिअर. इंजिन एका सुरात चढलं. मी मात्र वर पोचताच गाडी बाजूला घेऊन बंद केली.

कारण लाल गाडीतही एक्याण्णव मीच भरलं होतं. भर दुपारी, तिसऱ्या गिअरमध्ये दाबून चढव, असं मीच तुला बजावलं होतं. गाडी दोरीला बांधून परत आली आणि तू उतरताच म्हणालीस, बाबा, कडकड येत होती, मी पाय उचलला होता. मी तुला पुढे बोलूच दिलं नाही. डॉक्टरांसमोर सांगून टाकलं, पोरीचा हात जड आहे, ताणली असेल गाडी. पुढे स्पेअर पार्टच्या प्रत्येक दुकानात तेच सांगत फिरलो. आठवड्याने तू तुझी हत्यारांची पेटी उचललीस. तेव्हापासून रविवारी फोन येतो तो आईला.

पेट्रोलचं मला तेव्हा कळलं नव्हतं, एवढं म्हणून सुटायचा विचार मी केला होता. पण ते इंजिन मी माझ्या हाताने खोललं होतं. गाडी ताणून इंजिन गेलं असतं तर व्हॉल्व्ह वाकले असते. सगळे सरळ होते. पिस्टनची रिंगांमधली कड तेवढी तुटली होती. असं कडकडीने होतं, ताणल्याने होत नाही, हे मला त्याच दिवशी दिसलं होतं, खटपटे. तुझा दोष नाही हे दिसलं आणि मी गप्प बसलो, कारण तुझा नसेल तर मग कुणाचा, हे शोधावं लागलं असतं. मला त्याची फार लाज वाटते.

काल डॉक्टरांकडे जाऊन हे सगळं सांगितलं. ते एका बाईंची दाढ काढत होते, म्हणून त्या बाईंनीही ऐकलं. बरं झालं, आता ते गावभर होईल. आज मॅनेजरांना फोन केला आणि व्हॉल्व्हपासून झाकणापर्यंत सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ केला नाही. नोकरी तुला मिळणार, मला शंकाच नाही.

पण हे पत्र त्यासाठी नाही. माझं ऐकून झाल्यावर मॅनेजरांनी तुझ्या अर्जातली एक ओळ मला वाचून दाखवली. आजवरची तुमची सर्वांत मोठी चूक कोणती, ह्या प्रश्नापुढे तू लिहिलं आहेस, माझ्या जड हाताने एक इंजिन फुटलं, तेव्हापासून मी इंजिनाचं आधी ऐकते. मला वाटत होतं तू माझ्यावर रागावून गेलीस. तू माझं खरं मानून गेलीस, हे मला आज कळलं. चार वर्षं तू स्वतःच्या हाताला दोष देत पाना फिरवलास. ती ओळ खोड, पोरी. तू त्या दिवशीही नीट ऐकलं होतंस. ऐकलं नाही ते मी.

तुझाच, आणि आता चष्मा लावून वाचणारा,
बाबा